खबर आणि अमानत

मागच्या वर्षी आठवीच्या मुलांना घेऊन पन्हाळ्याला गेलो होतो. तीन दरवाजा पाहून झाला. अंबरखान्याच्या गार सावलीत मुलांनी डबे उघडले आणि मी मास्तरकीच्या सवयीने शिवकालातील गडाचा कारभार सांगू लागलो. गडावर एकच अधिकारी नसे. गडाच्या किल्ल्या हवालदाराकडे, शिबंदी सरनोबताच्या हाताखाली, हिशेब आणि कागदपत्रे सबनिसाकडे. धान्य-दारूगोळ्याचे काम पाहायला कारखानीस वेगळा. शिवाय ही माणसे निरनिराळ्या जातींची नेमण्याचा रिवाज होता. हेतू हा की कोणा एकाला फितूर होऊन गड शत्रूच्या हाती देता येऊ नये. मुले ऐकत होती, खात होती. एवढ्यात मागच्या बाजूने एकाने विचारले, "सर, उन तिनों में झगडा हुया तो?"

मुले हसली. मीही हसलो आणि काहीतरी थातूरमातूर उत्तर देऊन विषय संपवला. पण प्रश्न माझ्याबरोबर गडावरून खाली उतरला. राज्य राखण्यासाठी आपण दोघा-तिघांकडे वेगवेगळी नजर देतो. एकाच्या डोळ्यांवर दुसऱ्याचे डोळे असावेत म्हणून. पण त्या दोघांचे आपसांत बिनसले, एकाने पाहिलेले दुसऱ्याला सांगितलेच नाही, तर? आणि त्याउलट, दोघांनी संगनमत केले तर? यापैकी अधिक वाईट काय?

हा प्रश्न आज गडांचा राहिलेला नाही. आधुनिक राज्यात तो गुप्तचर खात्यांचा आहे. त्यांतही लष्करी आणि मुलकी या दोन घरांतल्या जुन्या चुरशीचा आहे. आपल्या वार्षिकाच्या पानांवर हा विषय थोडा परका वाटेल. पण या खात्यांच्या कागदांनी ज्यांची आयुष्ये घडवली-मोडली, त्यांत आपल्या मोहल्ल्यातली माणसे थोडी नाहीत. म्हणून हा विषय आपला आहेच.

आधी एक कबुली देतो, कारण दुसऱ्यांच्या दोषावर लिहायचे तर सुरुवात घरापासून करावी.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. दाखला घेताना त्याच्या आईने मला बाजूला घेऊन सांगितले होते की याला अधूनमधून फिट येते. मी ते माझ्या वहीत लिहून ठेवले. पी.टी.च्या सरांना सांगायला हवे होते, पण एका तासाच्या वाटणीवरून आमचा दोघांचा अबोला चालू होता. आज सांगू, उद्या सांगू करता करता राहून गेले. हिवाळ्यात क्रीडास्पर्धांच्या तयारीत तो मुलगा मैदानावर पडला. पी.टी.च्या सरांना काहीच ठाऊक नव्हते. कोणी त्याच्या नाकाला चप्पल लावली, कोणी तोंडात पाणी ओतू लागले. अल्लाहच्या कृपेने मुलगा वाचला. संध्याकाळी त्याची आई दवाखान्यात मला एवढेच म्हणाली, "मैं तो बोली थी ना, सर?"

मी खोटे बोललो नव्हतो. कोणाचे काही चोरले नव्हते. मला ठाऊक असलेली गोष्ट मी माझ्याजवळ ठेवली होती, इतकेच. पण त्या दिवशी मला कळले की ती गोष्ट माझी नव्हतीच. ती त्या मुलाची होती. त्याच्या आईने ती माझ्याकडे ठेवायला दिली होती. आपल्याकडे अशा वस्तूला अमानत म्हणतात. सूरह निसामध्ये अमानती ज्यांच्या त्यांना पोचत्या करण्याचा हुकूम आहे. आपण तो पैशापुरता आणि दागिन्यांपुरता वाचतो. माहिती हीसुद्धा अमानत असू शकते, हे मला त्या बाईने शिकवले.

आता हाच अबोला दोन शिक्षकांमधून उचलून दोन सरकारी खात्यांमध्ये ठेवून पाहा.

आपल्या देशात मुलकी गुप्तचर यंत्रणेची परंपरा जुनी. इंटेलिजन्स ब्यूरो, म्हणजे आयबी, आपले मूळ १८८७ सालापर्यंत नेते. स्वातंत्र्यानंतर देशातले आणि देशाबाहेरचे असे दोन्ही काम तिच्याकडेच होते. १९६२ च्या चीन युद्धाने आणि १९६५ च्या पाकिस्तान युद्धाने या व्यवस्थेतल्या उणिवा उघड्या पडल्या. लष्कर म्हणे, आम्हाला खबरच मिळाली नाही. खबर देणारे म्हणत, दिली होती, तुम्ही वापरली नाही. या वादातून १९६८ मध्ये परदेशातील कामासाठी रॉ ही स्वतंत्र संस्था निघाली. लष्कराची स्वतःची गुप्तवार्ता शाखा होतीच. म्हणजे एका घराची दोन झाली, दोहोंची तीन झाली. प्रत्येकाची चूल वेगळी, हांडी वेगळी, आणि एकाच्या हांडीत काय शिजते हे दुसऱ्याला कळू नये ही रीत.

त्याची किंमत १९९९ मध्ये कारगिलला मोजावी लागली. युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि २००० साली तिचा अहवाल, काही भाग वगळून, संसदेपुढे आला. त्यात एक नोंद आहे. जून १९९८ मध्ये, म्हणजे युद्धाच्या जवळजवळ एक वर्ष आधी, आयबीने सीमेपलीकडच्या हालचालींविषयी एक पत्र पाठवले होते. ते पंतप्रधानांना गेले, गृहमंत्र्यांना गेले, कॅबिनेट सचिव आणि गृहसचिवांना गेले, लष्कराच्या कारवाई विभागाच्या प्रमुखांना गेले. पण ज्या तिघांना त्याचा सर्वांत जास्त उपयोग होता त्यांच्या नावे ते नव्हतेच. रॉचे प्रमुख, संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष आणि लष्करी गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख, असे ते तिघे. मंत्र्यांच्या टेबलापर्यंत पोचलेली खबर तिच्यावर काम करणाऱ्याच्या टेबलापर्यंत पोचली नाही. पाचशेहून अधिक जवान त्या युद्धात गेले. ते पत्र योग्य हाती पडले असते तर सगळे वाचले असते, असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. पण हा विचार एखाद्या जवानाच्या आईच्या मनात आला तर तिला चूक कसे म्हणावे?

कारगिलनंतर सुधारणा झाल्या. तिन्ही दलांची मिळून संरक्षण गुप्तवार्ता संस्था २००२ मध्ये उभी राहिली. सर्व खात्यांनी एकमेकांना खबर द्यावी म्हणून आयबीच्या अखत्यारीत एक बहुसंस्था केंद्र ठरवले गेले. तरीही २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र मुंबईवर आलीच. हल्ल्याच्या काही दिवस आधी समुद्रातील संशयास्पद नौकेची सूचना नौदल आणि तटरक्षक दलापर्यंत गेली होती. हल्ल्यानंतर नौदलप्रमुखांचे म्हणणे असे होते की कृती करण्याजोगी माहिती आम्हाला मिळालीच नाही. खबर देणाऱ्यांचे म्हणणे की दिली होती. १९६५ चेच संभाषण! १६६ माणसे मरण पावली. राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीने पुढे दाखवून दिले की इशाऱ्यांचे कागद तुकड्या-तुकड्यांनी येत होते, पण ते सारे एकत्र मांडून त्यांचा अर्थ लावला गेला नव्हता.

हा दोष फक्त आपला आहे असे नाही. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ च्या हल्लेखोरांपैकी दोघांची माहिती सीआयएकडे २००० सालीच होती. देशांतर्गत तपास करणाऱ्या एफबीआयला ते दोघे शोधण्याचे काम हल्ल्याच्या जेमतेम काही आठवडे आधी मिळाले. श्रीमंत राज्य, प्रचंड यंत्रणा, पण आजार तोच.

इथपर्यंत वाचून वाटेल की उत्तर सोपे आहे. भांडणे मिटवा, सारी खाती एका छत्राखाली आणा, सगळ्यांचा एकच आवाज होऊ द्या. मलाही पूर्वी असेच वाटायचे. पण एकजुटीचे अनुभवही तपासायला हवेत.

शेजारी पाकिस्तानात ही चुरस एका अर्थाने संपली. लष्करी आयएसआय इतकी मोठी झाली की मुलकी आयबी तिच्या सावलीत गेली. परिणाम काय झाला? १९९० च्या निवडणुकीत ठरावीक राजकारण्यांना पैसा वाटण्यात लष्कराच्या आणि आयएसआयच्या वरिष्ठांचा हात होता, असा निर्णय तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये, म्हणजे बावीस वर्षांनी दिला. जिथे एकाच्या डोळ्यावर दुसऱ्याचा डोळा नाही, तिथे पाहणारा हळूहळू मालक होतो.

आपल्याकडचे उदाहरण अधिक जवळचे आहे. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बारातचा दिवस. मालेगावात हमिदिया मशीद आणि बडा कब्रस्तानच्या परिसरात स्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसे मेली. महाराष्ट्राच्या एटीएसने नऊ मुस्लिम तरुणांना आरोपी म्हणून तुरुंगात टाकले. पुढे तपास सीबीआयकडे गेला. सीबीआयनेही २०१० मध्ये तेच चित्र कायम ठेवले. दोन मोठ्या यंत्रणांचे एकमत! त्यात भांडण नव्हते, अबोला नव्हता, आणि नऊ माणसे आत होती. मग २०११ मध्ये तपास एनआयएकडे आला आणि तिने वेगळे सांगितले. त्या वर्षाच्या अखेरीस जामीन झाले. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपातून मुक्त केले. पहिल्या दोघांचे जमले होते म्हणून ती माणसे आत होती, तिसऱ्याचे त्यांच्याशी जमले नाही म्हणून बाहेर आली. त्यांच्या घरच्यांना जाऊन कोणी सांगावे की खात्यांमध्ये मतभेद असू नयेत!

तेव्हा मतभेद हा स्वतः गुन्हा नाही, एकमत हा स्वतः गुण नाही. हे लक्षात घेऊन आता मालेगावच्याच दुसऱ्या प्रकरणाकडे जाऊ. लष्करी आणि मुलकी ही दोन घरे तिथे समोरासमोर उभी राहिली.

२९ सप्टेंबर २००८. रमजानचा शेवटचा टप्पा, ईद तोंडावर आलेली. रात्री साडेनऊच्या सुमारास भिक्कू चौकात मोटारसायकलवर ठेवलेला बॉम्ब फुटला. सहा जण मरण पावले. त्यात एक लहान मुलगीही होती. हेमंत करकरे यांच्या नेतृत्वाखाली एटीएसने तपास केला. नोव्हेंबरमध्ये लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित यांना अटक झाली. ते लष्कराच्या गुप्तवार्ता शाखेचे सेवेतील अधिकारी होते. मुलकी पोलिसांनी लष्करी गुप्तचराला दहशतवादाच्या आरोपाखाली पकडावे, ही गोष्ट देशाने पूर्वी पाहिली नव्हती.

पुरोहित यांचे म्हणणे पहिल्यापासून एकच होते. अभिनव भारत या संघटनेच्या बैठकांना मी गेलो तो कर्तव्याचा भाग म्हणून. आत शिरून माहिती काढणे हे माझे काम होते आणि वरिष्ठांना मी ते कळवत होतो. एटीएसचे म्हणणे, हा माणूस माहिती काढत नव्हता, कटात सामील होता. लष्कराने स्वतःची वेगळी चौकशी केली. २०११ मध्ये तपास एनआयएकडे गेला. मे २०१६ च्या आरोपपत्रात एनआयएने लष्कराच्या त्या चौकशीतील साक्षींचा आधार घेऊन एटीएसच्या पुराव्यावरच शंका घेतली. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुरोहित यांना जामीन दिला. दोन यंत्रणांच्या आरोपपत्रांत महत्त्वाच्या विसंगती आहेत, हे त्याचे एक कारण होते. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मात्र त्यांना आरोपमुक्त करण्यास नकार दिला. बॉम्बस्फोट हा सरकारी कर्तव्याचा भाग होऊ शकत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. खटला चालला. तीनशेहून अधिक साक्षीदार झाले, त्यांतले तीसहून अधिक फितूर झाले. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडले. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हा त्या निकालाचा गाभा. मृतांच्या वारसांना दोन-दोन लाख आणि जखमींना पन्नास-पन्नास हजार रुपये भरपाई देण्याचाही आदेश झाला. सप्टेंबरमध्ये मृतांच्या नातेवाइकांनी उच्च न्यायालयात अपील केले.

निकालावर इथे भाष्य करायचे नाही, ते काम अपिलाचे आहे. मला बोलायचे आहे ते त्या सतरा वर्षांविषयी. एक अधिकारी सरकारी कामासाठी एखाद्या संघटनेत गेला होता की नाही, हा काही तत्त्वज्ञानाचा प्रश्न नव्हे. त्याचे उत्तर सरकारच्याच कपाटात असते, किंवा नसते. तो कामावर होता असे मानले, तर राज्याने आपल्याच माणसाला जवळजवळ नऊ वर्षे तुरुंगात कुजवले. नव्हता असे मानले, तर हे साधे उत्तर मिळायला सतरा वर्षे का लागावीत? दोन्हीपैकी काहीही मानले तरी कोणावर तरी जुलूम झालाच. आणि भिक्कू चौकातल्या सहा मृतांना कोणी मारले, या प्रश्नापुढची जागा आजही रिकामी आहे.

आता अवघड भाग. तो खात्यांविषयी नाही, आपल्याविषयी आहे.

२००६ मध्ये एटीएसने आपली मुले उचलली तेव्हा आपण म्हणालो, एटीएसवर विश्वास ठेवता येत नाही. २००८ मध्ये त्याच एटीएसने दुसऱ्या बाजूची माणसे पकडली, तेव्हा आपण म्हणालो, शेवटी एक प्रामाणिक अधिकारी मिळाला. २०११ मध्ये एनआयएने आपली मुले सोडवली तेव्हा एनआयए खरी. २०१६ मध्ये त्याच एनआयएने दुसऱ्या खटल्यात पुरावा ढिला केला तेव्हा एनआयए खोटी. समोरच्या बाजूनेही नेमके हेच केले, फक्त उलट क्रमाने. करकरे यांच्या सचोटीविषयी माझ्या मनात आदर आहे. २६ नोव्हेंबरच्या रात्री ते कर्तव्यावर असताना मारले गेले, त्या आदराला माझ्या शिफारशीची गरज नाही. पण मी स्वतःला विचारले, करकरेंच्या तपासावर मी विश्वास ठेवला तो पुरावा पाहून की आरोपींची नावे पाहून? प्रामाणिक उत्तर द्यायचे तर, आधी नावे पाहून.

खात्या-खात्यांच्या भांडणाला बळ मिळते ते इथून. प्रत्येक यंत्रणेच्या मागे टाळ्या वाजवणारी एक जमात उभी असते. एका खात्याची फाइल एका मोहल्ल्याला आवडते, दुसऱ्याची दुसऱ्याला. मग फाइल लिहिणाऱ्यालाही कळते की आपल्याला खरे लिहायचे नसून आवडेल ते लिहायचे आहे.

सूरह हुजुरातमध्ये यासाठी स्पष्ट ताकीद आहे. बेभरवशाचा माणूस खबर घेऊन आला तर आधी तिची शहानिशा करा, नाहीतर नकळत कोणाचे नुकसान कराल आणि मागून पस्तावाल, असा तिचा आशय. आपण ही आयत नेहमी दुसऱ्यांना ऐकवतो. आपल्या सोयीची खबर आणणाऱ्याची शहानिशा कोणी करायची? न्याय हा फक्त आपल्या माणसासाठी मागितला तर तो न्याय राहत नाही, ती वकिली होते. नऊ तरुणांसाठी आपण जो निकष मागितला, की पुराव्याशिवाय माणूस आत नको, तोच निकष पुरोहित यांनाही लागतो. हे म्हणताना जीभ अडखळते, हे मी नाकारत नाही. पण ती अडखळते म्हणूनच ते म्हणणे भाग आहे. आणि त्याच तोंडाने हेही म्हटले पाहिजे की सहा प्रेतांचा हिशेब देण्याची जबाबदारी कोणाच्याही निर्दोष सुटण्याने संपत नाही.

याच सूरहमध्ये दुसऱ्यांच्या गुप्त गोष्टी हुडकण्याला, तजस्सुसला, मनाई आहे. मग राज्याने गुप्तचर ठेवावेतच का? हजरत उमर यांच्याविषयी एक रिवायत सांगितली जाते. रात्री गस्त घालताना एका घरातून संशयास्पद आवाज आला म्हणून ते भिंत चढून आत गेले. तो माणूस गुन्हा करतच होता. पण तो म्हणाला, मी एक चूक केली, तुम्ही तीन केल्या. हेरगिरी केलीत, दाराऐवजी भिंतीवरून आलात, आणि सलाम न करता, परवानगी न घेता आलात. उमर त्याला सोडून परत गेले. खलिफालाही भिंत चढल्याचा जाब विचारता येतो, एवढे या गोष्टीतून घ्यावे.

अर्थात राज्य चालवायचे तर भिंतीपलीकडचे थोडे पाहावेच लागते. लोकांचे जीव वाचवण्यासाठी ते पाहणे भाग असेल तर ती एक प्रकारची सक्ती आहे, हे मी मानतो. मग त्या पाहण्याला अमानतीचे सारे नियम लागले पाहिजेत. जे पाहिले ते ज्याच्या जिवाशी संबंधित आहे त्याच्यासाठी पाहिले. ते खात्याची बढती, खात्याचे बजेट, खात्याची प्रतिष्ठा यांचे भांडवल नव्हे.

इथे एक रास्त हरकत येते. गुप्तचर खात्यातला माणूस म्हणेल, मास्तर, तुम्हाला व्यवहार कळत नाही. प्रत्येक खबर सगळ्यांना वाटत बसलो तर खबर देणारा माणूस जिवानिशी जाईल. जितके कान जास्त, तितकी फूट जास्त. ही हरकत खरी आहे. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या आईनेही मला बाजूला घेऊनच सांगितले होते, भर वर्गात नाही. तिला गुप्तता हवी होती. पण तिने मला ते गुप्त ठेवायला सांगितले होते वर्गातल्या पोरांपासून, मैदानावर त्याला पळवणाऱ्या शिक्षकापासून नाही. कोणापासून लपवायचे आणि कोणाला सांगायचेच, हा फरक अमानत सांभाळणाऱ्याला कळला पाहिजे. ज्याच्या हाती जीव आहे त्याच्यापासून लपवलेली खबर ही गुप्तता नव्हे, ती खयानत आहे. साक्ष लपवणाऱ्याचे मन गुन्हेगार असते, असा इशारा सूरह बकरामध्येही आहे. तिथे खोटी साक्ष देण्याविषयी नव्हे, गप्प राहण्याविषयी बोलले आहे.

आता पन्हाळ्यावरच्या त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. तिघांचे भांडण झाले तर? गडावरची व्यवस्था टिकली ती तिघे एकमेकांचे दोस्त होते म्हणून नव्हे, आणि वैरी होते म्हणूनही नव्हे. त्या तिघांच्या वर कोणीतरी जागे होते. हवालदाराचे म्हणणे आणि सबनिसाचे म्हणणे दोन्ही ऐकणारा, दोघांचे कागद समोर ठेवून ताडून पाहणारा कोणीतरी होता. असा ऐकणारा असेल तर दोघांचे न पटणे उपयोगाचे ठरते, कारण त्यातून खरे बाहेर पडते. तो नसेल तर तेच न पटणे माणसे मारते, आणि पटणे निरपराधांना आत टाकते.

लोकशाहीत राजा नाही. त्याच्या जागी संसद आहे आणि न्यायालय आहे. पण आयबी आणि रॉ या दोन्ही संस्था संसदेने केलेल्या स्वतंत्र कायद्याने उभ्या राहिलेल्या नाहीत. ब्रिटनने १९९४ मध्ये कायदा करून या कामावर नजर ठेवणारी खासदारांची समिती नेमली. आपल्याकडे २०११ मध्ये मनीष तिवारी यांनी अशा कायद्यासाठी खासगी विधेयक आणले होते, ते पुढे सरकले नाही. माहिती अधिकार कायद्यातूनही या संस्था वगळलेल्या आहेत. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचा भंग एवढेच अपवाद. याचा अर्थ असा की दोन खात्यांचे म्हणणे जुळत नाही हे देशाला कळते ते फक्त एखादा खटला उभा राहिला तर, आणि तोही पंधरा-वीस वर्षांनी.

न्यायालयाने वेळीच कान दिला तर काय होते, हे कोल्हापूरकरांनी थोडेफार पाहिले आहे. कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी आपल्याच शहरात, सकाळी फिरून येताना, गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी ते गेले. त्यांचा तपास राज्याच्या विशेष पथकाकडे, डॉ. दाभोलकरांचा सीबीआयकडे, प्रा. कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांचा कर्नाटककडे. प्रत्येकाची फाइल वेगळी. कुटुंबीयांच्या अर्जावरून मुंबई उच्च न्यायालयाने काही वर्षे तपासावर देखरेख ठेवली, यंत्रणांना समोर उभे करून जाब विचारला, २०२२ मध्ये पानसरे प्रकरण एटीएसकडे सोपवले. यातून सगळे मिळाले असे नाही. पण तुमचे काय म्हणणे, आणि तुमचे काय, असे विचारणारे कोणीतरी होते. मालेगावच्या सहा घरांना ते सुरुवातीपासून मिळाले असते तर?

तेव्हा आपण मागायचे काय? आपल्या सोयीचे खाते मोठे व्हावे, हे नाही. सगळी खाती एक व्हावीत, हेही नाही. दोघांचे वेगवेगळे डोळे राहू द्यावेत, पण दोघांनाही ऐकणारा आणि दोघांनाही जाब विचारणारा, कायद्याने नेमलेला तिसरा असावा. ही मागणी मुसलमानांची म्हणून करण्याची गरज नाही. कारगिलच्या जवानाची आई, मुंबईच्या स्टेशनवर मेलेल्या प्रवाशाचा मुलगा, नऊ वर्षे कोठडीत काढलेला लष्करी अधिकारी आणि भिक्कू चौकातल्या त्या मुलीचा बाप, या चौघांची ही एकच मागणी होऊ शकते.

परवा त्या मुलाला वर्गात उभे केले आणि म्हटले, तुझ्या पन्हाळ्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले होते. तो विसरून गेला होता. मी सांगितले, तिघांचे भांडण झाले तर तिघांनाही एकत्र बोलावून ऐकावे लागते, आणि ऐकणाऱ्याने कोणाचा भाऊबंद असू नये. त्याने क्षणभर विचार केला आणि विचारले, "और सुननेवाला सोया तो, सर?"

या वेळी कोणी हसले नाही. घंटा झाली तरी मी फळ्यापाशी उभाच होतो. मग स्टाफरूममध्ये गेलो आणि या वर्षीच्या मुलांच्या आईबापांनी मला जे जे सांगितले आहे त्याची वही पी.टी.च्या सरांसमोर उघडून ठेवली.